मळका दोरा

मेकाँगच्या धक्क्यावर विएंग होडीसाठी रांगेत उभी होती. पुढे दोन म्हातारे बोलत होते. एकाचा हात कोपरापर्यंत पांढऱ्या दोऱ्यांनी भरला होता.

"गावप्रमुख झालास, थोंगदाम! कुणीकुणी बांधले रे हे आशीर्वादाचे दोरे?"

"अख्ख्या गावानं. तूच तेवढा उशिरा उगवलास, फूमी."

"बस बंद पडली, मी काय करू? आण हात, माझाही बांधतो."

"तुझा आहे की. सगळ्यांच्या खाली बघ, तो मळका."

"अरे, हा तर तुझी होडी बुडाली तेव्हाचा! दोन पावसाळे झाले. तीन दिवसांनी सोडायचा असतो, येड्या."

"ठाऊक आहे. त्या दोरे बांधायच्या दिवशी आईनं चाळीस माणसांचा भात शिजवला होता. मी अपशकुनी म्हणून कुणी फिरकलं नाही. आलास तू एकटा."

"आणि किती खाल्ला! आठवडाभर पोट धरून बसलो होतो."

"आईला टोपलीत उरलेला भात दिसू नये, म्हणून खाल्लास."

"गप रे. नवा बांधू की नको?"

"बांध. पण त्या जुन्याला चिकटून बांध."

"का?"

"बाकीचे परवा सोडणार आहे."