परवानगी कुणी दिली?

मी दिलीप, मूळचा इचलकरंजीचा. वडील यंत्रमाग दुरुस्त करायचे, म्हणून मशीनचं वेड घरातूनच आलं, डिप्लोमा केला, पुण्यात नोकरी लागली आणि कंपनीनं पाठवलं म्हणून इकडं नेदरलँड्सला आलो, बेस्ट नावाच्या गावाच्या बाजूला, मशीन जोडायच्या कामावर. आम्ही इथं राहतो त्या गावाचं नाव मात्र लिहू नका, छोटं गाव आहे, सगळे ओळखतात. वर्षभरानं वैशाली आली, माझी बायको. कागदोपत्री ती नवऱ्याच्या आधारानं आलेली, पण काय सांगू तुम्हाला, त्या बाईनं दोन-तीन हिवाळ्यांत असं डच उचललं की मी अजून दुकानात बोट दाखवून चीज मागतो आणि ही शेजारणीशी डचमध्ये भांडून परत गोड होऊन येते. पाळणाघरात नोकरीही लागली तिला.

मग आमच्या वस्तीतली बस बंद होणार अशी बातमी आली. वैशालीनं आसपासच्या म्हाताऱ्या गोळा केल्या, सह्या घेतल्या, गेमेन्तेत, म्हणजे इथल्या नगरपालिकेत, जाऊन बोलली. ते ऐकून विम घरी आला. विम म्हणजे गावातल्या एका छोट्या पक्षाचा म्हातारा प्रमुख, एवढा उंच की आमच्या दारातून वाकूनच आत येतो. निवडणुकीला उभी राहा म्हणाला. इथं पाच वर्षं राहिलं की गावच्या निवडणुकीत मतही देता येतं आणि उभंही राहता येतं, पासपोर्ट भारताचा असला तरी, आणि वैशालीची पाच वर्षं झालेली. ही लगेच हो म्हणाली. मग विम माझ्याकडं वळला, आवाज खाली आणला आणि विचारलं, तुम्हाला चालेल ना, तुमच्याकडं नवऱ्याची परवानगी लागते असं ऐकलंय. मला आधी कळेचना, माझं डच ते असलं. वैशालीनंच मराठीत सांगितलं, हसत हसत.

आणि गंमत बघा, त्याच आठवड्यात इचलकरंजीहून आत्याचा फोन. आरं दिल्या, बायकूला निवडणुकीला हुबी राहायची परवानगी तू दिलीस व्हय? आता विम जगाच्या ह्या टोकाला, आत्या त्या टोकाला, दोघांची जन्मात भेट नाही, आणि प्रश्न एकच. म्हटलं, आत्या, तुला विमचा नंबर देतो, तुमचं जमेल बघ.

प्रचार सुरू झाला. शनिवारी बाजारात पत्रकं वाटायला आम्ही उभे. वैशालीच्याच पक्षाची दुसरी उमेदवार मारियन, डच बाई, तिचा नवरा माझ्या शेजारी. त्याला लोक म्हणायचे, वा, बायकोला मदत करताय, किती छान. आणि मला? मला विचारायचे, संध्याकाळी तिला एकटीला बाहेर सोडता का? एक बाई तर एकेक शब्द सुटा करून, लहान पोराशी बोलावं तशी. एक गृहस्थ म्हणाले, निवडून ती येणार, पण सभेत मत कसं द्यायचं ते घरी तुम्हीच सांगणार ना? इंग्रजीत म्हटलं, साहेब, आमच्या घरातल्या सोफ्याचा रंगसुद्धा मला विचारून आणलेला नाही.

हसण्यावारी नेलं, पण सगळंच काही हसण्यासारखं नव्हतं. स्टेशनजवळच्या पोस्टरवर वैशालीच्या तोंडावर कुणीतरी काळ्या शाईनं लिहिलं, परत जा. इंटरनेटवर कुणी लिहिलं, बाईचे डोळे बघा, नवऱ्याला घाबरते. आणि आमची सई, माझी मुलगी, शाळेतून आली आणि म्हणाली, बाबा, तुम्ही आईला मारता का असं विचारलं मला वर्गात. ते मात्र लागलं हो. जेवण गेलं नाही मला. वैशाली म्हणाली, मी नाव मागं घेते, मला काय बोलायचं ते बोलू देत, तुम्हाला कशाला? मी म्हटलं, अगं, माझ्यासाठी थांबलीस तर उद्या सगळे म्हणणार, बघा, नवऱ्यानं थांबवलं. मग तिनं नवीन पोस्टर उचललं, म्हणाली चला, आणि शिडी मी धरली.

शेवटच्या आठवड्यात वाचनालयात सभा होती, सगळ्या पक्षांची. निघताना वैशालीनं बजावलं, अहो, तिथं डचमध्ये एक अक्षर बोलू नका, तुम्ही काहीतरी भलतंच बोलता. बरं म्हटलं. तिचं भाषण झालं, बसवर बोलली, झकास बोलली. आणि मागून एक माणूस उठला, म्हणाला, बाई, हे सगळं ठीक, पण तुमचे यजमान तिथं गप्प बसलेत, त्यांचं काय मत? विम चिडून उठायला लागला, वैशालीनं त्याला बसवलं. सगळा हॉल माझ्याकडं बघतोय. मी उभा राहिलो आणि जेवढं येत होतं तेवढ्या डचमध्ये खरं तेच सांगितलं. म्हटलं, माफ करा, मला बोलायची परवानगी बायकोनं दिलेली नाही.

अहो, काय हशा पिकला! विचारणारा माणूसपण हसला. मारियनचा नवरा तर उठून ओरडला, मलापण नाही!

अर्थात लोक ते लोक. पुढच्या आठवड्यात तीच बाजारातली बाई मला विचारते, घरी सगळं ठीक आहे ना तुमचं? आत्यालाही कुठून तरी कळलं, म्हणाली, पार ताटाखालचं मांजर झालास की रं.

पण वैशाली निवडून आली. आत्या आता गल्लीभर सांगत फिरते, आमची सून परदेशात नगरसेविका आहे. बस राहिली, संध्याकाळची तेवढी गेली. सभा असली की पोळ्या मी करतो, गोल होत नाहीत, सई त्यांना युरोपचे नकाशे म्हणते.

परवा सुपरमार्केटात एका माणसानं मला अडवलं. लालबुंद झालेला. म्हणाला, तुमच्या बायकोनं पार्किंग बंद करायच्या बाजूनं मत दिलं, आता मी गाडी कुठं लावू? बराच वेळ बोलला. मी कुठला, ती कुठली, घरात कोण कुणाला विचारतं, एक शब्द नाही, नुसतं पार्किंग. मी आनंदानं घरी आलो, म्हटलं, वैशाली, एक माणूस तुझ्यावर भयंकर चिडलाय. तिनं विचारलं, कशावरून? म्हटलं, पार्किंगवरून. तिचा चेहरा असा खुलला म्हणून सांगू! देव करो आणि सगळ्यांना असाच पार्किंगचा राग येवो.