लॉवेलच्या तळघरातलं पाणी

—नाही गं कॉरिन, असं नसतं ते. तू म्हणतेस, ऑर्विल काका, बाबा मागायला आले तर देऊ नका. इतकं सोपं असतं तर काय हवं होतं! बस आधी. तो कोट काढ. डेन्व्हरहून इथवर गाडी हाकत आलीस, तीही घरी न जाता सरळ माझ्याकडे— म्हणजे डोक्यात काय चाललंय ते कळतं मला, मी काही दगड नाही. पण बंदुका त्याच्या आहेत. माझ्या तिजोरीत ठेवल्या म्हणून त्या माझ्या होत नाहीत. शेजाऱ्यानं आपल्या गोठ्यात गाय आणून बांधली आणि म्हटलं, चार दिवस सांभाळ— तर पाचव्या दिवशी काय सांगायचं त्याला? गाय देत नाही, तुझा चेहरा मला बरा दिसत नाही?

त्या इथं कशा आल्या ते तरी माहीत आहे का तुला? त्यानं नसेल सांगितलं. तुझी आई गेली, तू आठवडाभर राहून परत गेलीस— नाही, टोमणा नाही मारत, नोकरी आहे तुला— आणि मग एक दिवस तुझा बाप ट्रक घेऊन माझ्या अंगणात हजर. मागं तुझ्या आईची, ऑड्रीची गोधडी, ती निळ्या ताऱ्यांची, जिला ती कुणाला हात लावू द्यायची नाही, आणि तिच्यात गुंडाळलेल्या घरातल्या सगळ्या बंदुका. म्हणतो कसा, ऑर्विल, तळघरात पाणी येतंय, गंज चढेल, ठेवशील का थोडे दिवस? तळघरात पाणी! उभ्या उन्हाळ्यात थेंब पडला नव्हता, कुरणं करपली होती, नदीत वासराचे गुडघे भिजत नव्हते, आणि लॉवेलच्या तळघरात म्हणे पाणी! मी काय म्हणालो? मी म्हणालो, हो रे, यंदा बऱ्याच जणांच्या तळघरात येतंय. झालं. दोघांनी मिळून तिजोरीत लावल्या, मग बाहेर ट्रकला टेकून गवताच्या भावावर बोलत बसलो. इथं असंच करतात. विचारायचं नसतं. विचारलं तर माणूस पुन्हा येणार नाही— मला माझीच भीती वाटते हे शब्द स्वतःच्या तोंडानं काढावे लागले तर मेल्याहून मेल्यासारखं होईल त्याला. पाणी येतंय, खोलीला रंग देतोय, नातवंडं यायचीत— काहीही सांगावं, आणि समोरच्यानं ते खरं मानावं. ऑड्रीच्या माघारी ही एक तरी गोष्ट त्यानं शहाण्यासारखी केली, असं मला वाटलं. बरं वाटलं. खोटं कशाला बोलू.

कायदा? हं, मला ठाऊकच होतं तू तिथं येणार. हो, कुंपणावरची पाटी माझीच आहे, आत येताना वाचली असशील, चांगली ठळक रंगवलीय. आमच्या बंदुकांना हात लावाल तर खबरदार. अक्षर तुझ्या बापाचं आहे, माझं इतकं चांगलं नाही. आणि तो कायदा येऊ घातला होता ना— एखादा माणूस स्वतःच्या जिवावर उठलाय असं घरच्यांना वाटलं तर त्यांनी न्यायाधीशाकडे जायचं, आणि न्यायाधीशानं हुकूम काढायचा की याच्या बंदुका काढून आणा— तो हाणून पाडायला तुझा बाप आणि मी एकाच ट्रकमधून राजधानीला गेलो होतो. मी बोललो तिथं. मी! चर्चमध्ये उभं राहून कधी दोन वाक्यं बोललो नाही मी. म्हणालो, आज दुःखी माणसाची बंदूक नेतील, उद्या चिडलेल्याची नेतील, परवा यांना मत न देणाऱ्याची. आणि म्हणालो, आम्हाला हुकूम नको साहेब, आम्ही शेजारी आहोत, आमच्या माणसांकडे आमचं आम्ही बघतो. टाळ्या पडल्या, पोरी. माझ्यानंतर एक बाई बोलायला आली, शहरातली, नवऱ्यानं गोळी घालून घेतलेली. ती एवढंच म्हणाली की माझ्या नवऱ्याला शेजारी नव्हता हो. कुणीतरी खोकलं, कुणीतरी खुर्ची सरकवली, आणि पुढचा माणूस उठला. कायदा पडला. परत येताना वाटेत स्टेक खाल्ला आम्ही, आणि तुझा बाप ताटातून मान वर न काढता म्हणाला, बरं बोललास. त्याच्या तोंडून एवढं म्हणजे पदकच समज.

आणि आजही सांगतो, मी चुकीचं नाही बोललो. अशी बघू नकोस माझ्याकडे. अगदी तुझ्या आईसारखी बघतेस, तीही काही बोलायची नाही, नुसती बघायची, आणि माणूस आपोआप मुद्देमालासकट कबूल व्हायचा. तुम्हा शहरातल्या लोकांना बंदूक म्हटलं की बातम्यांतलं रक्तच दिसतं— शाळा, दुकानं, ती रडणारी माणसं— मलाही दिसतं गं, मी काय डोळे मिटून बसतो का? पण इथं हाक मारली तर शेरीफ यायला तास लागतो, बर्फात दोन. इथं बंदूक म्हणजे आजोबा, बाप, कोल्ह्यांपासून वाचवलेली वासरं, आणि थंडीतलं मांस. तू तुझं पहिलं हरीण मारलंस ते विसरलीस? त्या ओढ्याकाठी गुडघ्यांवर बसून भोकाड पसरलं होतंस, तुझ्या बापाला काय करावं सुचेना, टोपी काढून नुसता उभा, आणि रात्री त्याच हरणाचं मांस दोनदा वाढून घेतलंस! हसलीस. बघ, हसलीस. मग आता तूच सांग, जी वस्तू त्यानं तुझ्या हातात दिली ती त्याच्या हातून काढून घ्यायची म्हणजे—

अगं काही नाही, काही नाही! बस. उद्या हरणांच्या शिकारीचा मोसम उघडतो ना, सगळे आपापल्या कुरणात गोळ्या झाडून नेम लावून बघतायत. दरवर्षीचंच आहे. सकाळपासून चाललंय, एकदा इकडून, एकदा तिकडून. प्रत्येक वेळी छातीत धस्स होतं खरं. म्हातारपण, दुसरं काय.

शेरीफकडे जाऊन काय करशील? चांगला माणूस आहे, पण तो विचारेल, गुन्हा काय? बायको गेल्यावर माणूस जेवत नाही, फोन उचलत नाही, दिवसा पडदे लावून बसतो— हा गुन्हा आहे का? आणि त्याच्या हातात काही नाही, कारण ते हातात येऊ नये म्हणून आम्हीच तर— राहू दे. डॉक्टर? तुझा बाप आणि डॉक्टर! ऑड्रीचं दुखणं निघालं तेव्हा दवाखान्याच्या आवारात ट्रकमध्ये बसून राहायचा तो, आत यायचा नाही. आत गेलं की खरं होतं म्हणायचा. फोन लावतेस? लाव. नाही उचलत? टेकडीपलीकडं फोन लागत नाही, तुला माहीत आहे. पुन्हा लावून काय होणार? ठेव तो.

काय म्हणालीस? कुणीतरी एकदा तरी नाही म्हणायला नको का? म्हणाला होता एक जण. आणि मी त्याला अजून माफ केलेलं नाही. कोण म्हणजे? तुझा बाप! माझी बायको, फे, गेली तेव्हाची गोष्ट. गेली म्हणजे मेली नाही, ट्रॅक्टर विकणाऱ्या एका टकल्याचा हात धरून गेली, ॲरिझोनात उन्हात पाय पसरून बसली असेल आता. मी माझ्या बंदुका उचलल्या आणि तुझ्या बापाकडे नेल्या, म्हटलं खोलीला रंग देतोय. म्हणाला, ठेव. मग ऐन थंडीत एक दिवस मी उठलो, दाढी केली, आंघोळ केली, धुतलेला शर्ट घातला. कितीतरी दिवसांनी अंग हलकं झालं होतं— सगळं ठरून गेलं की होतं ना तसं. त्याच्या दारात गेलो, म्हटलं, रंग वाळला, दे माझ्या बंदुका. त्यानं मला खालपासून वरपर्यंत बघितलं. शर्टाकडे जरा जास्तच बघितलं. आणि म्हणाला, तिजोरीची किल्ली सापडत नाही. म्हटलं, शोध. म्हणाला, शोधली. दुसऱ्या दिवशी गेलो, किल्ली नाही. आठवडा गेला, किल्ली नाही. अगं, चालताना त्याच्या खिशात वाजत होती ती! मी इतका भडकलो की कॅफेत सगळ्या गावासमोर त्याला चोर म्हणालो. चोर, दगाबाज, सरकारचा कुत्रा— जे तोंडाला येईल ते. तो अंडी खात होता. खात राहिला. उठताना माझ्याही कॉफीचे पैसे ठेवून गेला. नंतर गाई व्यायच्या दिवसांत एक वासरू आडवं आलं, मी एकटाच कोपरापर्यंत रक्तात, तर हा न बोलावता आला, बाह्या वर केल्या, वासरू ओढून काढलं, आणि जाताना माझ्या बंदुका दारात ठेवून म्हणाला, किल्ली सापडली. बस, तेवढंच. लाज काढली माझी त्यानं. माणसाची वस्तू माणसाला देत नाही म्हणजे काय? मी काय कुक्कुलं बाळ होतो? माझं मला कळत नव्हतं का? माझा हक्क होता की—

काय? हो, जिवंत बसलोय. तुझ्यासमोर खुर्चीत बसलोय, बोलतोय, दिसतंय मला. तेच म्हणायचंय ना तुला? बोलू नकोस, कळलं.

पण तो लॉवेल होता, कॉरिन. त्याच्यात तेवढी धमक होती. शिव्या खाल्ल्या, गावात नाव घालवून घेतलं, आणि किल्ली खिशात ठेवली. मला नाही जमलं.

आज सकाळी आला होता तो.

थांब, उठू नकोस, ऐक— ऐक आधी. उजाडता उजाडता आला. दाढी केलेली. इस्त्रीचा शर्ट, ऑड्री गेल्यापासून त्याच्या अंगावर मी इस्त्री बघितली नव्हती. आणि हसला गं! पूर्वीचा लॉवेल हसायचा तसा हसला. म्हणाला, तळघर कोरडं झालं. मला सगळं कळलं. कळलं नाही असं नाही, तो शर्ट बघताच कळलं. तोंडात शब्द तयार होते— किल्ली सापडत नाही— एवढेच तर म्हणायचे होते, त्यानंच शिकवलेले शब्द. पण किल्ली तिथं खिळ्यावर, दोघांच्या डोळ्यांसमोर लटकत होती. आणि समजा लपवली असती, तरी मी म्हणालो असतो का? कुणास ठाऊक. मी काय विचार केला सांगू? मी विचार केला, त्याला वाईट वाटेल. हसू नकोस, मी हा विचार केला. की बाबा, हा मला काय समजेल. म्हणून तिजोरी उघडली. आणि जाताना त्यानं हात पुढं केला. जन्मभर शेजारी आहोत, एका ताटातलं खाल्लंय, आणि आम्ही दोघांनी कधी हात मिळवलेला नाही. कशाला मिळवायचा? दूर जाणाऱ्याशी मिळवतात.

तेव्हापासून इथंच बसलोय. फोन हातात घ्यायचा, ठेवायचा. त्याला विचारायचं तरी काय? आणि बाहेर हे आवाज. एक बार झाला की वाटतं, हा का? मग दुसरा वाजतो. मग वाटतं, नाही, हे शेजारच्या कुरणातलं. देवा, सगळं खोरं गोळ्या उडवतंय आणि मी कान लावून बसलोय. तुझी गाडी दिसली तेव्हा वाटलं, सुटलो, आता हिला सांगतो. आणि तू दारात उभी राहिलीस आणि म्हणालीस, काका, देऊ नका.

मोसमासाठी बंदूक नेली असेल? नेम बघायला? हो, मीही सकाळपासून तेच सांगतोय स्वतःला. हरणाला जायचंय, रायफल लागणार, नेली. पण नाही गं पोरी. रायफल आहे. आत तिजोरीत आहे, गोधडीसकट, सगळ्या आहेत. त्यानं फक्त ते लहान पिस्तूल नेलं. मी म्हटलं, आणि रायफल? तर म्हणाला, ती उद्या नेतो. उद्या म्हणाला ना तो, म्हणून मला बरं वाटलं. उद्या हा शब्द ऐकून मी आनंदानं दार लावलं, इतका गाढव मी.

जा. कोट राहू दे. आधी घरी बघ, घरी नसला तर वरच्या कुरणात, ओढ्याकाठी. पळ! मी काय धावणार तुझ्याबरोबर, तू जा, मी शेरीफला फोन करतो. करतो म्हटलं ना! दार नको लावत बसूस, जा!

…हॅलो? हो, ऑर्विल बोलतोय. नाही, माझं काही नाही. लॉवेलकडे जरा कुणाला तरी— का म्हणजे? तसं काही झालेलं नाही रे. म्हणजे मला माहीत नाही. हो, त्याचंच आहे पिस्तूल, त्याच्याच मालकीचं. नाही, कुणाला धमकी वगैरे नाही. गुन्हा— नाही, गुन्हा काही नाही. मीच दिलं. मी—