आपल्या खडकाची कालवं

दवाखान्यात घड्याळजींचा नंबर यायला अवकाश होता. पेपर डोळ्यांसमोर होता, कान मात्र मागच्या बाकावरच्या दोघी बहिणींकडे.

"डबा रिकामा? खाल्लं आईनं?"

"चाटूनपुसून, ताई. म्हणाली, कालवं काय चरबी धरून आहेत! आपल्याच खडकाची ना?"

"या महिन्यात? अंडी टाकून नुसती पाणी झालीत ती."

"त्यातून बंदराकडची. तिथली ऐन मोसमातही भरत नाहीत. आपल्या खडकावर काही मिळालंच नाही गं."

"तुला बरं वाटावं म्हणून म्हणाली असेल."

"आई? बाबांचं सुतक फिटलं त्या दिवशी मावशीनं आणलेली कालवं पोकळ म्हणून परत पाठवली होती तिनं!"

"हो. मावशी वर्षभर बोलत नव्हती."

"जिभेवर ठेवलं की महिना सांगायची, किनारा सांगायची."

"मग तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, हो आई, आपल्याच खडकाची."

"तीन नंबरच्या खाटेचे नातेवाईक कोण?" नर्सबाई दारात आल्या. "आजी जेवतात का काही?"

"जेवते," धाकटी म्हणाली. "आता काहीही दिलं तरी आवडीनं खाते."

"मग छानच की!" म्हणत नर्सबाईंनी कागदावर बरोबरची खूण केली.