सरकारी वय वीस वर्षं नऊ महिने

— नाही, नाही, हसू नका! तिसऱ्यांदा सांगतोय. व्हिसाचा फोटो आहे, लग्नाला नाही चाललात. दात दिसले की परत पाठवतात. ओठ मिटा. एवढे नाही हो मिटायचे, कडू काढा प्यायल्यासारखं दिसतंय — हां, असे. चष्मा काढा. दोन्ही कान दिसले पाहिजेत. आता तुम्ही बोलू नका, मीच बोलतो, तशीही सवय आहे मला. एक मिनिट, छत्री कलली — ही लाईटची छत्री म्हणतोय, तुमची तिकडे कोपऱ्यात आहे, तिला कोण नेतंय? बघा इकडे... मिटलेत डोळे! नेमक्या वेळी कसे मिटता हो? बरं, राहू दे, दम खा जरा. कुटुंबाचा अर्ज ना? बोला, आता बोललात तरी चालेल. तुम्ही, वहिनी आणि मुलगा. मुलगा केवढा? — किती? वीस? वीस पूर्ण की विसावं चालू? — पूर्ण! आणि आहे कुठे तो? परीक्षा संपली की येईल? महिन्याभरानं? अहो, बसा खाली! उठताय कशाला? फोटो गेला खड्ड्यात, आधी ऐका मी काय सांगतो ते.

एकवीस. हा आकडा डोक्यात ठेवा. एकवीस पूर्ण झाली की तुमचं पोर तिकडच्या सरकारच्या लेखी तुमचं पोर राहत नाही. म्हणजे पोर तुमचंच, जेवायला तुमच्याकडेच, चप्पल तुमचीच घालून जाणार — पण अर्जात नाही! वीस वर्षं तीनशे चौसष्ट दिवस — बाळ. दुसऱ्या दिवशी सकाळी — परका माणूस. तुम्ही हसताय, मीही हसलो होतो. आणि वय म्हणजे तुमचं-आमचं वय नाही, सरकारी वय वेगळं! ते असं — अर्ज मंजूर व्हायच्या आधी त्यांच्या टेबलावर जितके दिवस नुसता पडून राहिला, तेवढे दिवस पोराच्या वयातून वजा. चूक त्यांची म्हणून. मंजुरीनंतर नंबर लागेपर्यंत रांगेत बारा वर्षं गेली ना, ती मात्र तुमची, ती नाही वजा. आमच्या ठकीचंच घ्या. ठकी म्हणजे मुलगी हो माझी, एकुलती एक, नाव मोठं झोकदार आहे, पण कागदावरच. आमचा नंबर लागला तेव्हा खरं वय बावीस वर्षं सात महिने. वजा एक वर्ष दहा महिने. राहिले किती? वीस वर्षं नऊ महिने! मी घरात जाहीर केलं, म्हटलं ठकी, सरकारनं तुला जवळजवळ दोन वर्षांनी लहान केलीय, उद्यापासून वेण्या घाल. म्हणजे हातात होते तीन महिने. तेवढ्यात आमचा तिघांचा कागद-फोटोंसकट पूर्ण अर्ज त्यांनी स्वीकारला पाहिजे. नुसता पोचला पाहिजे नाही हं, स्वीकारला पाहिजे. हे अधोरेखित करून ठेवा.

आधीचा, मूळ अर्ज कोणी केलेला? मेहुण्यानं. बायकोचा थोरला भाऊ, तीस वर्षं झाली तिकडे. माणूस वाईट नाही. पण मेहुणा तो मेहुणाच. ठकी आठ वर्षांची होती तेव्हा त्यानं बहिणीसाठी अर्ज टाकला, आणि तेव्हापासून दर रविवारी त्याचा फोन — आता लागेल हं नंबर, फोटो तयार ठेवा! झालं, आम्ही तिघं याच स्टुलावर. आणि फोटो सहा महिन्यांच्या आतला लागतो, म्हणजे नंबर नाही लागला की फोटो शिळा. नऊ वेळा काढले साहेब! नऊ! त्या भिंतीवर लावलेत ना ओळीनं — ती बघा, पहिल्या फोटोत ठकीचे पुढचे दोन दात नाहीत, शेवटच्यात माझे डोक्यावरचे केस नाहीत. बायको मात्र नवव्या फोटोतही पहिल्यासारखीच. तिला वाटतं तब्येतीमुळे. अहो, मी आहे ना रिटच करायला!

हां, तेच सांगतोय, रिटचचं. तुम्ही मघाशी आल्या आल्या विचारलंत ना, हे डोळ्याखालचं काळं जरा काढून टाकाल का, आणि मी केवढ्यानं ओरडलो? त्याला कारण आहे. चला, सरळ बसा, बोलता बोलता घेऊन टाकतो एक... आलात! छान आलात. उतरा आता. छपाईला पाच मिनिटं लागतील, हे मशीन माझ्यापेक्षा म्हातारं आहे. तर एकतीस वर्षं मी हेच करतोय. स्थळासाठी फोटो काढायला पोरी येतात, कोणाचा मुरूम घालव, कोणाचा तीळ पुस, कोणाची मान जरा लांब कर. माझ्या हातून किती लग्नं जमलीत — आणि नंतर मांडवात किती जण दचकलेत, ते सोडा. हात बसलाय. ठकीच्या डाव्या गालावर वाटाण्याएवढा तीळ आहे. तिला तो कधीच आवडला नाही, दहावीच्या वेळी रडली होती त्याच्यावरून. तर नंबर लागल्यावर मी तिचा दहावा फोटो काढला, आणि काढता काढता तो तीळ पुसला. आणि असा पुसला! कातडीचा पोत बघा म्हटलं, सावली बघा! कोणाच्या बापाला कळलं नसतं.

त्यांना कळलं. कसं म्हणजे? पासपोर्टवर तीळ आहे ना! पासपोर्टवरची मुलगी वेगळी आणि फोटोतली वेगळी. अर्ज पाठवल्यापासून पंचविसाव्या दिवशी पत्र आलं — छायाचित्रात फेरफार आढळला, नवीन पाठवा, तोपर्यंत तिघांचा अर्ज अपूर्ण समजला जाईल. फेरफार! माझ्या कामाला फेरफार! तुम्ही सुतार असतात आणि तुमच्या खुर्चीला कोणी लाकडं म्हटलं असतं तर? माझं डोकंच फिरलं. वेळ होता की भरपूर, मी तारखा मोजतच होतो — हे कॅलेंडर बघा, नंबर लागल्यापासून रोज एक दिवस लाल पेननं खोडलाय. पत्र आलं तो पंचेचाळिसावा दिवस. म्हणजे शेहेचाळीस-सत्तेचाळीस दिवस शिल्लक. मग मी काय केलं? पत्र लिहिलं. दुकानाच्या लेटरहेडवर, चार पानी. माननीय महोदय, गेली एकतीस वर्षं मी या व्यवसायात असून आपल्या कार्यालयास कलेची जाण नाही याचं वाईट वाटतं. सोबत स्पर्धेतल्या बक्षिसाची प्रत जोडली. सोबत — हसा, हसा, आता हसलात तरी चालेल, फोटो झालाय — सोबत तोच फोटो जोडला. मोठा करून. हा एवढा, वर्तमानपत्राच्या पानाएवढा, माउंट करून, काचेच्या फ्रेममध्ये! म्हटलं, नीट बघा आणि दाखवा बोट ठेवून, कुठे आहे फेरफार!

कुरियरनं? नाही, कुरियरवाला म्हणाला काच चालत नाही. साध्या पोस्टानं पाठवली. हो, मला माहीत होतं साध्या पोस्टाला किती दिवस लागतात. सगळ्यांनाच माहीत असतं. तर अठ्ठ्याण्णवाव्या दिवशी उत्तर आलं. एका ओळीत. पाठवलेली वस्तू फुटलेल्या अवस्थेत मिळाली, ती छायाचित्र म्हणून स्वीकारता येत नाही. आणि खाली, कन्येचं वय एकवीस पूर्ण झाल्याने तिचं नाव अर्जातून कमी करण्यात येत आहे. सहा-सात दिवसांनी हुकली हो! आम्हा दोघांचा मात्र झाला. म्हातारा-म्हातारी पात्र, पोर अपात्र. तीस तारखेच्या आत तिकडे पाय ठेवला नाही तर आमचाही रद्द. आणि ठकीसाठी मग आम्ही तिकडे जाऊन नवा अर्ज करायचा, त्याला सात-आठ वर्षं, आणि तोवर तिनं लग्न नाही करायचं. मेहुणा फोनवर म्हणतो, भाऊजी, मोबाईलवर साधा फोटो काढून पाठवला असता तरी चाललं असतं. मोबाईलवर! मला!

बायकोनं बॅगा भरल्यात. एक दिवस म्हणते जाते, एक दिवस म्हणते पोरीला सोडून कशी जाऊ. घरी मी काय सांगितलं? हेच, की सरकारनं उशीर केला, सरकार ते सरकारच. चिठ्ठी-फ्रेमचं काही बोललो नाही. तुम्हीच पहिले. का सांगितलं कुणास ठाऊक, तुमचा मुलगा वीस वर्षांचा म्हणालात म्हणून असेल. ठकीला तिकडे शिकायचं होतं. दातांच्या कवळ्या बनवायचं — हो हो, तसा कोर्स असतो, जागाही मिळाली होती तिला. वर्षभर घरात मेण आणि प्लास्टर, माझ्या चहाच्या कपात एकदा दाढ सापडली! कसली खूष होती. मला म्हणायची, ए बाबा, तुझे दात पडले की मीच बसवणार, फुकट. तर ते पत्र वाचलं आणि नुसतं 'बरं' म्हणाली. रडली नाही, काही नाही. स्वेटर परत कपाटात लावले. फक्त... फक्त त्या दिवसापासून मला 'अहो बाबा' म्हणते. अहो बाबा, जेवलात का? अहो बाबा, दुकानाची किल्ली कुठे ठेवलीत? जन्मापासून 'ए बाबा' होतो मी. आता पाहुणा झालोय स्वतःच्या घरात.

आता मी तिकडे जाऊन करणार काय होतो, ते सांगा. मेहुण्यानं काम बघून ठेवलं होतं — त्याच्या ओळखीच्या गोदामात खोक्यांवर पट्ट्या चिकटवायच्या. एकतीस वर्षं फोटो काढलेल्या माणसानं! राहायचं त्याच्याच घरात, तळघरात, आंघोळीला तो सांगेल तेव्हा जायचं, आणि रविवारी त्याच्याबरोबर त्याच्या अंगणातलं गवत कापायचं. इथे रस्त्यानं निघालो तर चार जण हाक मारतात. आणि ठकी तर वर्षात तिकडचीच होऊन जाणार, कॉलेज, मैत्रिणी, संध्याकाळी बापाशी बोलायला वेळ कुणाला? इथे सकाळची दोन-तीन तास तरी या काउंटरमागे शेजारी उभी असते. तेवढंच ना आमचं... घ्या, तुमचे झाले. बघा, डोळ्याखालचं काळं आहे तसं ठेवलंय. जसा माणूस तसा फोटो. चार कापून देतो.

काय? मूळ फोटो? तिळासकटचा? — होता की. असणारच. रिटच करताना मूळ कधी पुसत नाही मी, ते तर पहिलं शिकवतात. इथेच, या कॉम्प्युटरमध्ये. आत्ताही आहे. पाठवायचा म्हटलं असतं तर? किती वेळ लागला असता, पाच मिनिटं. तुमचा नाही का छापला आत्ता, तुमच्यासमोरच. त्याच दिवशी कुरियरनं गेला असता, चार दिवसांत पोचला असता. कॅलेंडर? हो, मोजत होतो, रोज सकाळी दुकान उघडलं की आधी तेच. चाळीसच्या वर दिवस होते, सांगितलं ना मघाशी. मग काय? तुम्ही असे काय बघताय माझ्याकडे?

काय म्हणालात?

मुद्दाम?

मी? मुद्दाम? अहो, पोटची पोर आहे ती माझी! डोकं ठिकाणावर आहे का तुमचं? रस्त्यावरून आत येता, पाच मिनिटं बसता, आणि एका बापाला... मुद्दाम कोण कशाला... मी फ्रेम बांधत होतो. खिळे ठोकत होतो इथे बसून. ती समोर होती, तिनं विचारलं, ए बाबा, हे कुणाचं? म्हटलं, गिऱ्हाइकाचं. मुद्दाम नाही हो. मला नुसतं वाटलं, जरा थांबू दे. थोडं थांबू दे सगळं. एवढंच वाटलं.

घरात कुणीच विचारलं नाही हे मला.

द्या इकडे ते फोटो. द्या म्हणतो ना! — हे फाडले. पैसे नकोत. मुलाला घेऊन उद्या सकाळी या, परीक्षा राहू दे, पेपरच्या आधी अर्धा तास आणा त्याला. दहाच्या आत या, तेव्हा ठकी असते. फोटो ती काढेल, दोघांचे. माझ्या हातचा फोटो अर्जाला लावू नका तुम्ही.

आणि तिला विचारू नका काही. मीच सांगेन. आज... बघू. जा आता. छत्री घेऊन जा तुमची.