रिकामं आहे, धरा

…तसं नका धरू प्रितेशशेठ, मूठ तळहातात पूर्ण बसू द्या — हां, असं. रिकामं आहे, धरा बिनधास्त. आधी वजन बघा. काट्यावरचं वजन नाही म्हणत मी, ते डब्यावर छापलेलं असतं — हात लांब करून एक मिनिट धरलं तर मनगट दुखतं का, ते बघायचं. लोक इथे येतात आणि आधी किंमत विचारतात, मग रंग विचारतात, मग विचारतात किती लांब जातं. अहो, तुम्हाला कुठे लांब पाठवायचंय? तुम्हाला साइटवर जायचंय, दोन माणसं मागे लागलीत, कमरेला काहीतरी आहे एवढं त्यांना कळलं की झालं — तुम्हीच म्हणालात ना मघाशी? मग पिस्तूल कसं पाहिजे? साधं. जे दहा वेळा ही वरची सरकती स्लाइड ओढली तरी दहाही वेळा सारखं चालेल, ज्याचा सुटा भाग मला मिळेल, ज्याचं काडतूस तुमच्या लायसनवरच्या कोट्यात बसेल. ते विलायती जुनं मागताय, ते आहे एक कपाटात, पण त्याच्या किमतीत खारघरला दुकानाचं डिपॉझिट भरता येईल आणि त्याची स्प्रिंग तुटली तर ती मी कुठून आणू? हे सरकारी कारखान्याचं, बत्तीस बोअर, आठ गोळ्यांचं मॅगझिन — पैसे वसूल. तुमच्या वडिलांना, हरेशशेठना, बारा बोअर मीच दिली होती, बेलपाड्याला तुमच्या वाडीत डुकरं यायची तेव्हा. म्हणजे तुम्हाला वाईट माल देणार नाही मी.

बोट बाहेर ठेवा. ट्रिगरवर नाही, बाजूला. सवय लावून घ्या.

एक मिनिट हं — फोन. नाही, नाही उचलत. सरकारी वकिलांच्या ऑफिसातून आहे, सकाळपासून तिसऱ्यांदा. सोमवारी साक्ष आहे माझी, इथेच पनवेलच्या कोर्टात, त्याची उजळणी करून घ्यायचीय त्यांना. दोन वाक्यांची साक्ष, तिची कसली उजळणी? ‘मी हत्यार साफ करून दिलं, देताना रिकामं होतं.’ झालं. पाठ आहे मला. पोलिसांना सांगितलं तेव्हापासून पाठ आहे. तुमच्या कानावर असेल ते प्रकरण — उरण रोडचे दयारामशेठ, दसऱ्याला घरात गोळी सुटली, बायको गेली — हो, तेच. मालूवहिनी. हो, पिस्तूल माझ्याच दुकानातलं. हे तुमच्या हातात आहे ना, अगदी हेच मॉडेल. दचकू नका, ते नाही हे, ते पोलिसांच्या सीलमध्ये आहे. आणि पिस्तुलात दोष काडीचा नव्हता. नऊ वर्षं मीच बघत होतो ते. पिस्तूल आपलं काम करतं. आत आहे तर सुटणार, नाही तर नाही — त्याला दसरा कळत नाही.

रिव्हॉल्व्हर? ते पण दाखवतो की. रिव्हॉल्व्हरचं एक चांगलं असतं, चक्र बाजूला काढलं की सगळं डोळ्यांसमोर, किती घरं भरली, किती रिकामी. पिस्तूल लपवतं. मॅगझिन काढून टेबलावर ठेवलं की माणसाला वाटतं झालं, रिकामं झालं — आणि एक गोळी वर चेंबरमध्ये, नळीच्या मागच्या टोकाला, बसलेली असते, ती मॅगझिनबरोबर येत नाही, ती तिथेच. स्लाइड मागे ओढून आत डोकावल्याशिवाय कळत नाही. हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो. दयारामशेठनाही सांगितलं होतं, इथेच, तुम्ही उभे आहात तिथे उभं करून. ते हसले होते. म्हणाले, ‘महादेवशेठ, यवरा ध्यानात ऱ्हायचा नाय बघा. तुमी खाली बोललाव की आमी खाली समजनार.’ भला माणूस. जमिनीचे पैसे आले, लोक मागे लागले, म्हणून लायसन घेतलं, पण कधी कमरेला लावलं नाही. वर्षातून एकदा कपाटातून बाहेर — दसऱ्याला पूजेला.

टक्.

…ऐकलंत? नाही, काही नाही. दाबलंत तुम्ही. सगळेच दाबतात. मी बोट बाहेर म्हटलं तरी दाबतात, हात शिवशिवतो माणसाचा. काही झालं नाही ना? काही झालं नाही. नळी कुठे होती पण तुमची? नाही, आत्ता नाही, दाबलंत तेव्हा. त्या पडद्याकडे होती. पडद्यामागे माझी बायको बसलीय, विनिता, जेवणाचा डबा घेऊन आलीय. असू दे, असू दे. माफी कशाला मागता, मी रिकामं म्हणालो होतो ना? ठेवू नका, धरून ठेवा, हाताला सवय होऊ दे.

हाच आवाज. दयारामशेठच्या घरची रीतच होती ती. तुमच्याकडेही पूजा होतच असेल, बारा बोअरला झेंडूची माळ, हळदकुंकू, तसंच. पण त्यांच्याकडे पूजा झाली की शेठ पिस्तूल उचलायचे, भिंतीकडे धरायचे आणि एकदा रिकामं वाजवायचे — टक्. देवीला आवाज ऐकवायचा म्हणे. मग सगळे पाया पडायचे, मग सोनं वाटायचे, मग वडे. मी गेलोय दोनदा जेवायला, पाहिलंय मी. पहिल्या वर्षी मीच दाखवलं होतं ना त्यांना दुकानात, असं दाबलं की टक् वाजतं, म्हणजे ठीक आहे. त्याची त्यांनी रीत करून टाकली. नऊ वर्षं वाजलं. दहाव्या वर्षी सून मोबाइलवर शूटिंग करत होती — ऋचा नाव तिचं, तिने कोर्टात सांगितलं सगळं, न रडता सांगितलं — आणि मालूवहिनी आपट्याच्या पानांचं ताट घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर आल्या, भिंतीच्या आणि शेठच्या मध्ये. कोणी म्हणालं नाही थांबा. का म्हणेल? टक् वाजणार होतं.

शेठवर केस. निष्काळजीपणाची. त्यांच्या घरात, त्यांच्या हातात, त्यांनीच भरलं असणार — सगळा गाव तेच म्हणतो. आणि ते स्वतः काय म्हणाले माहितीय पोलिसांना? म्हणाले, मीच भरला असल, माना याद नाय. का म्हणाले? कारण महादेवशेठने रिकामं दिलं म्हणजे ते रिकामंच होतं, मग दुसरं कोण भरणार? दुसरा विचारच शिवला नाही त्या माणसाला. आता मुलगा त्यांच्याशी बोलत नाही. एकाच घरात राहून शेठचं ताट वरच्या मजल्यावर पाठवतात म्हणे. मी गेलो होतो भेटायला, मलाच पाणी आणून दिलं त्यांनी. मलाच म्हणाले, तुमच्या दुकानाचा नाव खराब झाला माझ्यापायी.

बसा ना. उभे का? पिस्तूल असू द्या हातात.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी या दुकानात काय असतं, तुम्ही पाहिलं नाहीत. पनवेल, उरण, कर्नाळ्यापर्यंतची हत्यारं येतात साफ करायला — तेल, पुसणं, लाल कापडात बांधून परत, माझी तीस वर्षांची पद्धत. त्या दिवशी मेकॅनिक घाईत होता. साफ केल्यावर मॅगझिन लावून एकदा बघायचं असतं, गोळी नीट वर चढते का. त्यासाठी डमी काडतूस असतं, पितळेचं, आत दारू नाही, काही नाही. दोन आहेत आपल्याकडे. ती सापडेनात. बाहेर पंधरा माणसं, दयारामशेठ स्टुलावर, त्यांची घाई नव्हती खरं तर, ते चहा मागवत होते सगळ्यांना. तर त्याने त्यांच्याच खोक्यातली एक खरी गोळी घेतली. नळी वाळूच्या बादलीकडे धरून स्लाइड सोडली, गोळी सुरेख चढली. तेवढ्यात चहा आला. मॅगझिन काढलं, बाजूला ठेवलं, चहा घेतला, शेठ म्हणाले पोराचं लग्न जमतंय, लहान्याचं — मग पिस्तूल कापडात बांधलं. आणि म्हटलं, रिकामं आहे, पूजेला ठेवा.

कोण मेकॅनिक? …

मेकॅनिक नाही आपल्याकडे. कधीच नव्हता. तुमच्या वडिलांना विचारा.

सकाळी दहा वाजता, दसऱ्याला, मी इथल्या पूजेसाठी कुंकवाची डबी काढायला हा खालचा ड्रॉवर ओढला आणि डबीमागे दोन्ही डमी. दोन्ही. जिथे असतात तिथेच. मी उभा राहिलो. डमी बघून आठवलं, काल मी खरी गोळी चढवली होती. आणि चढवलेली काढली कधी? हाताला आठवेना. प्रितेशशेठ, हाताला आठवतं हो हे सगळं, तीस वर्षांचा हात आहे — स्लाइड ओढली असती तर गोळी काउंटरवर पडली असती, मी उचलली असती, खोक्यात ठेवली असती. काहीच आठवेना. फोन लावला. वाजला, वाजला, कोणी उचलला नाही. पूजेत असतील म्हटलं. पाच मिनिटांनी करू म्हटलं. सणाच्या दिवशी काय सांगणार माणसाला, की माझ्याकडून बहुतेक — बहुतेकच वाटलं मला तेव्हा. गाडी बाहेर उभी होती. वीस मिनिटांचा रस्ता. मी फुलं वाहिली, उदबत्ती लावली. पुन्हा लावायला फोन हातात घेतला तर तिकडूनच आला. सुनेचा होता.

पोलिसांनी विचारलं, दयारामच्या मोबाइलवर दहा वाजून चार मिनिटांनी तुमचा मिस कॉल आहे, कशासाठी? मी म्हणालो, दसऱ्याच्या शुभेच्छा द्यायला. लिहून घेतलं त्यांनी. सही केली मी.

हे कोणाला सांगितलं नव्हतं. विनितालाही नाही. आता ऐकलं असेल तिने, पडदाच आहे मध्ये. विनिता? …डब्याचा आवाज थांबलाय बघा.

द्या आता ते इकडे. हात इथे पुढे करा, काउंटरवर बघा. ही स्लाइड मी ओढतो. बघताय? …पडलं. घाबरू नका. डमी आहे, पितळेचं, उचलून बघा, आत काही नाही. तुम्ही यायच्या आधीच बसवलं होतं मी. मघाशी टक् वाजलं तेव्हा ते आत होतं. रागावू नका, थांबा, ऐका. प्रत्येक गिऱ्हाइकाला करतो मी हे, ती गोष्ट घडल्यापासून. हातात देतो, रिकामं आहे म्हणतो, मग बोलता बोलता चेंबरमध्ये एक गोळी राहते हेसुद्धा सांगतो, आणि वाट बघतो. एकाने तरी स्लाइड ओढून आत बघावं. एकाने. म्हणजे मला सोमवारी म्हणता येईल की शहाणा माणूस स्वतः बघतो, दयारामने बघायला हवं होतं, अर्धी चूक त्याची. अर्धी तरी. तुम्ही सतरावे. एक तर फौजेतून रिटायर झालेला होता, आनंदा म्हणून — त्यानेही नाही. मला वाटलं तुम्ही बघाल. शिकलेले आहात, गोष्ट ऐकत होतात, अर्धी गोष्ट ऐकून झाल्यावरही हातात होतं तुमच्या.

का नाही बघितलंत? नाही, खरंच विचारतोय, ओरडत नाही मी. सांगा ना.

…काय म्हणालात?

‘काका, तुम्ही सांगितलंत ना रिकामं आहे.’

हो. मीच सांगितलं.

हे तुमचं लायसन. घ्या. नाही, आज देत नाही, हे पण नाही, ते विलायती पण नाही. ठाण्याला दुकानं आहेत, वाशीला चौकशी करा, कुठलंही घ्या, पण कोणी रिकामं म्हणालं तर — कोणीही म्हणो, तीस वर्षांचा दुकानदार म्हणो. जा आता. हरेशशेठना नमस्कार सांगा. आणि सोमवारी येऊ नका, सोमवारी दुकान बंद आहे, साक्ष आता दोन वाक्यांची राहिली नाही. पुढचं मला माहीत नाही.

विनिता, तो पडदा सार जरा.