जपानात न हरपलेला डबा

...नाही हो, जपान चांगलाच आहे, कोण वाईट म्हणते? रस्ते चकाचक, नळाले चोवीस तास पाणी, बस घड्याळ पाहून येते, सारं मान्य आहे मले. पण तुमाले सांगतो, ज्या देशात माणसाले स्वतःच्या मर्जीनं एक डबा हरपवता येत नाही, त्या देशाले काय ओवाळाचं आहे? डबा हो! साधा स्टीलचा, कडीवाला, दोन किलो लाडू बसतील असा. महिनाभर त्या डब्याच्या मागं मी अन् माझी बायको असे फिरलो, अन् डबा आमच्या मागं. तिथं वस्तू हरपत नाही, बाप्पा. काही केल्या हरपत नाही.

आता तुमी म्हणाल, इंद्रभान, डबा घेऊन जपानले काऊन गेला होता बे? तर पहिल्यापासून ऐका. नाही, पहिल्यापासून नको, ते सात वर्षं जुनं आहे... बरं, ऐकाच.

माझ्या घराले लागून माझ्या थोरल्या भावाचं घर. पुंजाजी त्याचं नाव. मधात एक भिंत, तीही अर्धी. वहिनी म्हणजे जनकाबाई. तर सात वर्षांमागं दिवाळीले वहिनीनं आमच्याकडं अनारसे धाडले, डब्यात. संक्रांतीले तिनं डबा मागितला. आमची सरस्वती म्हणे, परत देल्ला ना मी. वहिनी म्हणे, नाही देल्ला. देल्ला, नाही देल्ला, देल्ला, नाही देल्ला, अन् सारी गल्ली कामं टाकून ओट्यावर येऊन बसली. शेवटी सरस्वतीनं हात वर केला अन् म्हणे, "माझ्या लेकीची शपथ, तुमचा डबा माझ्या घरात असंन तर." झालं! बायकांचं बोलणं बंद, म्हणून माणसांचं बंद. सख्खा भाऊ हो, एका ताटात जेवलेलो आमी, अन् आता तो बकेट घेऊन नळावर आला का मी घरात जातो, मी आलो का तो जाते. सात वर्षं त्याच्यासोबत चहा नाही प्यालो मी. अन् त्या घरात चहा त्यालेच जमते, वहिनीले नाही.

अन् डबा? डबा दोन महिन्यांनी आमच्याच गव्हाच्या कोठीत सापडला. गहू काढाले हिनंच टाकला होता.

मी म्हटलं, नेऊन दे. तर म्हणे, "लेकीची शपथ घेतली मी चारचौघांत. आता काय तोंड घेऊन जाऊ?" मंग डबा माळ्यावर. दर दिवाळीच्या सफाईले माळ्यावरून पलंगाखाली, पलंगाखालून परत माळ्यावर. फेकावं म्हटलं तर फेकता येते का? वहिनीच्या बापानं लग्नात त्या डब्यावर नाव कोरून देल्लेलं. नाव म्हणजे नुसतं नाव नाही! 'सौ. जनकाबाई पुंजाजी, मु. पो. साखरखेर्डा, ता. सिंदखेडराजा, जि. बुलडाणा.' पिन कोड तेवढा राह्यला होता. आता असा डबा तालुक्यात कोणत्याही उकिरड्यावर फेका, कोणी ना कोणी वहिनीच्या दारात आणून देणारच, अन् वरून सांगणार का सरस्वतीबाईले फेकताना पाह्यलं.

तर आमची पोरगी, प्रतीक्षा, जपानात म्हाताऱ्या लोकायची सेवा कराच्या नोकरीवर आहे. नागानोकडचं एक खेडं आहे, डोंगरात. दिवाळी झाल्यावर तिनं आमाले महिनाभर बोलावलं. म्हणे, बाबा, थंडीच्या आधीचे दिवस इथं लय सुंदर असतात. मी खूश. सरस्वती माझ्याहून खूश. मले वाटलं, लेकीले पाहाचं म्हणून खूश आहे. विमान उडालं, पट्टे सुटले, अन् मंग हळूच माझ्या कानात म्हणते, "तो डबा आणला आहे मी. लाडू भरून. तिकडंच टाकून येऊ. समुद्राच्या पल्याड कोण वाचते जनकाबाई?" विमानातून उतरता येत नाही हो, नाही तर मी उतरलो असतो.

पहिले तिनं लाडू काढून डबा कचऱ्यात टाकला. तुमाले वाटते, कचरा म्हणजे टाकला का संपलं? तिथं कचऱ्याले टाइमटेबल आहे! जळणारा कचरा सोमवारी, बाटल्या वेगळ्या, कागद सुतळीनं बांधून, अन् लोखंड-स्टील महिन्यातून एकदा. अन् पिशवी कशी, तर आरपार दिसणारी, म्हणजे तुमच्या घरात काय शिजलं ते गावाले दिसलं पाह्यजे. हिनं सोमवारी टाकला. दुपारी एक म्हातारा दारात. हातमोजे घातलेले, कमरेत वाकलेला, डब्यावर लाल चिठ्ठी चिकटवलेली. अन् वर डबा धुऊन, पुसून! माफी कोण मागून राह्यला? तो! तुमचा डबा चुकून आमच्या कचऱ्यात आला, माफ करा, असं पोरीनं आमाले सांगितलं. आमच्या ग्रामपंचायतीची घंटागाडी येते, तिच्यात उद्या मी स्वतः बसलो तरी कोणी मले परत आणून देणार नाही.

तिथं वस्तू हरपत नाही, तुमाले सांगतो.

बरं, त्याच वेळी पोरीनं तो डबा हातात घेतला. फिरवून पाह्यला. नाव वाचलं. म्हणे, "आई, हा तर मोठ्या आईचा डबा ना?" सरस्वती भांडे घासाले लागली, घासलेलेच. पोरगी म्हणे, "माझीच शपथ घेतली होती ना तू?" मी खिडकीतून डोंगर पाहत राह्यलो. पोरगी एवढंच म्हणे का तो डबा मी नाही टाकू देणार, घेऊन जा परत, अन् ड्यूटीवर चालली गेली. सरस्वती लय रडली. पण ऐकेल कोण? ती सरस्वती आहे.

मंग बस. रविवारी पोरगी आमाले पानं पाहाले घेऊन गेली. हाव, पानं! झाडाचे पानं लाल-पिवळे होतात, ते पाहाले लोक गाड्या भरभरून येतात, फोटो काढतात, 'आssss' म्हणतात अन् गप बसतात. आपल्याकडं सागाचे पानं गळाले लागले तर आपण खराटा हुडकतो. एक बाई तर एका पिवळ्या पानाले वाकून नमस्कार करून राह्यली का काय, मले असं वाटलं, पण ती फोटोच काढत होती. तर येताना सरस्वतीनं, वाटेत खाले म्हणून लाडू भरून आणलेला डबा सीटखाली सरकवला अन् लहान पोरीवानी टुणकन उतरली. आपल्याकडं, तुमाले सांगतो, स्टँडवर मी छत्री हातात धरून उभा होतो, हातात हो, बस आली तेव्हा हात होता, छत्री नव्हती. अन् तिथं? दुसऱ्या दिवशी पोलीस चौकीतून फोन.

गेलो. पोलीस उभा राहून वाकला. तीन पानांचा फॉर्म काढला. डबा किती उंच, किती रुंद, आत काय होतं, लाडू किती होते, लाडू गोल होते का. लाडू गोल होते का! मंग त्यानं फोनचा कॅमेरा त्या नावावर धरला, फोननं ते वाचलं, अन् पोलीस सरस्वतीकडं पाहून मोठ्या आदरानं म्हणे, "जनकाबाई-सान?"

आता पाहा. हो म्हटलं तर स्वतःचीच जाऊ होणं आलं. नाही म्हटलं तर परक्याचा डबा घेऊन परदेशात फिरून राह्यले, हे पोलीस चौकीत सांगणं आलं. सात वर्षं जिचं नाव तिनं तोंडातून काढलं नाही, भाजीत मीठ कमी पडलं तरी त्या भिंतीकडं पाह्यलं नाही, ती माझी बायको पदर सावरून म्हणे, "हाव. मीच." अन् जनकाबाई म्हणून सही केली. अन् खेडं ते खेडंच, जपानात असो का इकडं. संध्याकाळपर्यंत साऱ्या गावात ती जनकाबाई-सान!

शेजारी एक म्हातारी राहते, हिसाकोबाई. एकटी. नवरा गेला, पोरगा टोकियोत, वर्षातून एकदा येते. तिच्या आंगणात तेंदूच्या जातीचं एक झाड, त्याले ते काकी म्हणतात, टमाट्याएवढे नारंगी फळं. ती ते सोलून दोरीले बांधून वळचणीले वाळत घालते, जसे आपण मिरच्या. अन् शेंड्यावरचे दोन-चार तोडत नाही. काऊन? तर पाखरायसाठी. मी म्हटलं, आमच्याकडं पाखरं विचारत नाहीत, त्यायचं ते घेऊन जातात. तर सरस्वतीनं शेवटचा डाव टाकला. प्रतीक्षेच्या गॅसवर बेसन भाजलं, लाडू वळले, डब्यात भरून हिसाकोबाईले देल्ले, अन् हातानं खुणा केल्या का डबा पण तुमचाच.

दुसऱ्या दिवशी सकाळी हिसाकोबाई दारात. डबा कापडात गाठ मारून बांधलेला, अन् आत काकी. त्यायच्यात म्हणे कोणी काही देल्लं तर काही तरी परत द्याच लागते. अन् आपल्यात? भरून आलेला डबा रिकामा धाडता येते का? सरस्वतीनं शेव पाडली. तिकडून मुळ्याचं लोणचं. इकडून शंकरपाळे. तिकडून भाताचे गोळे, त्याले समुद्रातलं शेवाळ गुंडाळलेलं, ते मी डोळे मिटून खाल्लं. सात वेळा हो! तो देश सोडत नाही अन् ही बाई सोडत नाही, मधात डबा घासून घासून नवा दिसाले लागला.

एवढ्यात मले एक दिसलं, ते सांगतो. त्या गावात रस्त्याच्या कडेले एका फळीवर भाजी ठेवलेली असते, बाजूले डबी, माणूस नाही. मी भाजीवाला माणूस, वांगे पिकवतो, मी तिथं अर्धा तास उभा राह्यलो का मालक येईल. मालक येतच नाही! ज्याले पाह्यजे तो पैसे टाकते, भाजी नेते. माझ्या शेताच्या धुऱ्यावर ठेवले तर वांगे जातील, डबी जाईल अन् फळी चुलीत जाईल. पण मंग मी मागं वळून पाह्यलं, तर चाळीस घरं, त्यातले पंचवीस कुलपात. शाळेत पोरं नाहीत. शेतात बुजगावणे माणसांपेक्षा जास्त. तिथं वस्तू हरपत नाही, पण माणसं सारे हरपले, अन् ते कोणी चौकीत आणून देत नाही. अन् आपण? आपल्याकडं माणूस भिंतीपल्याड खोकलते ते ऐकू येते, अन् आपण त्याले सात वर्षं विचारत नाही का औषध घेतलं का. मले तिथं उभ्या उभ्या पुंजाजीची लय आठवण आली. सरस्वतीले सांगितलं तर म्हणे, वारा लागला तुमाले.

शेवटी निघाचा दिवस. सकाळी सहाले गाडी. सरस्वतीनं आदल्या संध्याकाळी चिवडा भरून डबा हिसाकोबाईले देल्ला. म्हणजे परत द्याले ती उठेपर्यंत आमी स्टेशनवर! म्हातारीनं हिचे दोन्ही हात धरले, "जनकाबाई-सान, जनकाबाई-सान" म्हणत राह्यली, डोळ्यात पाणी. सरस्वतीच्याही डोळ्यात पाणी. पण विमानात बसल्यावर पट्टा लावून म्हणते कशी, "सुटली बाई मी." अन् मुंबईपर्यंत घोरली.

घरी आलो. तुरी काढाले आल्या. मी डबा विसरलो. अन् एका मंगळवारी पोस्टमन आला, आमच्या दारावरून पुढं गेला, अन् हाक मारली, "जनकाबाई पुंजाजी! जपानवरून पार्सल!"

सरस्वती वांगे चिरत होती. वांगं हातातच राह्यलं.

सारी गल्ली गोळा. सात वर्षांमागं जे लोक ओट्यावर बसले होते, तेच लोक, तेच ओटे. खोक्यावर पत्ता मराठीत! त्या म्हातारीनं एकेक अक्षर पाहून पाहून चितारलेलं, रांगोळी काढावी तसं. खाली इंग्रजीत. पिन कोड तेवढा तिनं स्वतः हुडकला होता. खोकं फोडलं. आत डबा. डब्यात वाळलेल्या काकी, पीठ लावल्यावानी पांढऱ्या. अन् वर एक फोटो, हिसाकोबाई अन् आमची सरस्वती, मधात डबा, दोघी हसून राह्यल्या. आता याच्यापेक्षा पक्का पुरावा कोर्टात तरी असते का?

आमी घरात गेलो. दार लोटलं. सरस्वती कोपऱ्यात बसून म्हणे, "आता गल्लीतून निघाचं कसं?" मले पहिल्यांदा तिची कीव आली हो. एक डबा, अन् सात वर्षं ही बाई चोरावानी स्वतःच्या घरात राह्यली.

दाराची कडी वाजली. मी उघडलं. जनकावहिनी. हातात दुसरा डबा. मागं पुंजाजी, भिंतीकडं पाहत उभा. वहिनीनं सरस्वतीकडं पाह्यलं अन् म्हणे, "सात वर्षं लावले गं. पण रिकामा नाही धाडला."

सरस्वतीनं तिच्या गळ्यात पडून जो हंबरडा फोडला, तो देऊळगाव राजापर्यंत गेला असंन. अर्ध्या काकी वहिनीनं आमच्यासाठी आणल्या होत्या. पुंजाजी सरळ आमच्या सैपाकघरात गेला, पातेलं घेतलं अन् चहा ठेवला. साखर जास्त टाकली. मी तीन कप प्यालो.

असं गोड झालं सारं. हाव, झालं ना. पोरीनं फोनवर सांगितलं, आई, आता मोठ्या आईचा तो दुसरा डबा लगेच परत दे, उद्याच. सरस्वती म्हणे, हो तर, काय वेडी आहे का मी, रिकामा थोडी देईन, तिळाचे लाडू करते अन् देते.

लाडू होऊन चार दिवस झाले. वहिनीनं काल भिंतीवरून सहज विचारलं. सहजच. अन् सरस्वती म्हणे, "देल्ला ना मी परत."

मी कोठीत हात घालून आलो. माळ्यावर चढलो. पलंगाखाली पाह्यलं. डबा कुठंच नाही. तिथं वस्तू हरपत नाही हो... पण मी साखरखेर्ड्यात राहतो.