शेजारच्या चार कुंड्यांबाबत

पोलीस ठाणे, रायस्वाइक. दिनांक १७ मे २००६.
दुभाषी (मराठी): श्रीमती अश्लेषा राजवाडे.

मी, श्रीमती शामला हरिहर आठल्ये, वय ६२ वर्षे, पूर्वी पाळणाघर चालवीत असे, सध्या काही करत नाही, मूळ राहणार कर्वेनगर, पुणे, हल्ली मुक्काम मुलाकडे, तिसरा मजला, रायस्वाइक, आपण होऊन ठाण्यात येऊन सांगते की,

वरील पत्त्यावर माझा मुलगा आशुतोष आणि सून श्रुती राहतात. दोघेही संगणकाच्या कंपन्यांत नोकरीला आहेत. मी मार्चमध्ये तीन महिन्यांच्या व्हिसावर आले. ती दोघे सकाळी जातात ती दिवेलागणीला परततात. भांड्यांना मशीन आहे, कपड्यांनाही आहे. "आई, तुम्ही काही करू नका, आराम करा," असे सून रोज सांगते. ती मनापासून म्हणते की रीत म्हणून म्हणते, हे मला अजून कळलेले नाही. याचा या जबाबाशी संबंध नाही असे अधिकाऱ्यांनी सांगितले. मी ते लिहायला लावले आहे.

आमच्या शेजारच्या घरात श्री. वेस्टरहाउट आणि त्यांची पत्नी रिया राहतात. श्री. वेस्टरहाउट हे निवृत्त ट्रामचालक असून वय सत्तरीच्या पुढे आहे. रियाबाईंना नसांचा आजार आहे, त्या चाकांच्या खुर्चीत असतात. खुर्ची फिरावी म्हणून त्यांच्या घराची सगळी दारे श्री. वेस्टरहाउट यांनी स्वतःच्या हाताने रुंद केली आहेत. घर भाड्याचे आहे. रियाबाईंच्या पायांत गोळे येतात तेव्हा त्यांचे ओरडणे भिंतीतून आमच्याकडे ऐकू येते. हे मी आल्याच्या पहिल्या आठवड्यातच ऐकले होते.

एप्रिलच्या शेवटी दोघांना दोन आठवडे समुद्राकाठच्या एका आरोग्यधामात जायचे होते. दिवसभर घरी मीच असते म्हणून श्री. वेस्टरहाउट यांनी किल्ली मला दिली. आमचे बोलणे मोडक्यातोडक्या इंग्रजीत झाले. त्यांच्या लहान खोलीत काळ्या कापडाचा कपाटाएवढा तंबू होता, त्यात चार कुंड्या, वर मोठा दिवा आणि दिवा आपोआप बंद-चालू करणारे घड्याळ. झाडांना तुरे धरले होते. "रियाचं औषध," ते म्हणाले. वास मला ओळखीचा वाटला, मंदिरामागे बसणाऱ्या बैराग्यांकडे येतो तसा. पण औषध म्हटल्यावर माझ्या दृष्टीने विषय संपला.

त्यांनी मला एक कुंडी उचलून दाखवली. हलकी लागली तर एक कप पाणी, जड लागली तर दार लावून निघून जायचे. हे त्यांनी तीनदा सांगितले. शेवटी माझे दोन्ही हात धरून म्हणाले, "यू डू नथिंग. प्लीज. नथिंग." तीन आठवड्यांत तुरे काढायचे होते आणि त्यावर रियाबाईंचा हिवाळ्यापर्यंतचा काळ निघायचा होता, हेही सांगितले.

प्रश्न विचारल्यावरून सांगते की, हो, मला अर्थ समजला होता. पण आमच्याकडे कोणी कोणाला काम सांगितले की वर "तुम्ही उगाच त्रास घेऊ नका" असे म्हणतातच. पाळणाघरात मूल सोडताना प्रत्येक आई म्हणायची, "शामलाताई, काही करू नका हं, नुसतं लक्ष ठेवा." म्हणून मी नुसते लक्ष ठेवले असते तर दुसऱ्या दिवशी एक मूल माझ्याकडे आले नसते. अशा वेळी हातावर हात ठेवून बसणे हा माणूसघाणेपणा झाला. श्री. वेस्टरहाउट भिडस्त आहेत असे मी धरून चालले.

पहिल्याच दिवसापासून मी आंघोळ करून रोज तांब्याभर पाणी प्रत्येक कुंडीला घातले. घरी तुळशीला घालते तसेच. मग तांदळाचे धुवण आणि चहाचा चोथाही घालू लागले. पाने ओल्या फडक्याने पुसली. चार दिवसांनी खालची पाने पिवळी पडली तेव्हा माझा जीव खाली-वर झाला. तहान भागत नसावी असे वाटून पाणी वाढवले, ताक घातले. कुंडी उचलून पाहिली, जड होती, पण पान पिवळे असताना वजनावर कोण विश्वास ठेवणार?

तंबूतला दिवा अर्धा दिवस बंद असतो हे लक्षात आले. जिवंत वस्तू अशी अंधारात कोंडलेली मला बघवेना. मी चारही कुंड्या बैठकीच्या खोलीत खिडकीशी उन्हात आणल्या. तंबू घडी करून पलंगाखाली सरकवला. दिवा आणि घड्याळ स्वच्छ पुसून, माझ्या जुन्या चादरीत गुंडाळून लहान खोलीतल्या कपाटावर ठेवले. दुसऱ्याची वस्तू आहे, जपून ठेवावी म्हणून.

आठवड्याभरात मातीला कुजका वास येऊ लागला आणि चिलटे झाली. तुऱ्यांवर पांढरी बुरशी दिसली. ती मी कापसाने टिपून काढली. मग मुलाने आम्हाला दोन दिवस ब्रसेल्सला न्यायचे ठरवले. मी नको म्हणत होते. झाडे उपाशी राहतील या काळजीने मी त्यांच्या स्वयंपाकघरातला नळ बारीक सोडून रबरी नळीचे तोंड पहिल्या कुंडीत खोचले. तिथून पाणी इतर तीन कुंड्यांत जाईल अशी वाट करून दिली. ब्रसेल्समध्ये मी काय पाहिले ते मला सांगता येणार नाही. माझे लक्ष नळीत होते.

नळी निसटली. खालच्या मजल्यावरच्या बाईंच्या छतातून पाणी गळले. दार कोणी उघडत नाही म्हणून घरे भाड्याने देणाऱ्या संस्थेच्या माणसाने पोलिसांना बोलावून कुलूप उघडले. पोलिसांना खिडकीत चार झाडे दिसली. त्यांनी ती उचलून नेली. हे सगळे आम्ही परत आल्यावर खालच्या बाईंनी सुनेला सांगितले. मुलगा म्हणाला, "आई, तू तिथे जातेस हे मला एकदा तरी सांगायचंस."

वेस्टरहाउट पती-पत्नी दुसऱ्या दिवशी परतले. मी किल्ली द्यायला गेले. फरशीची लाकडे फुगून वर आली होती आणि रियाबाईंची खुर्ची बैठकीच्या दारातच अडकली. श्री. वेस्टरहाउट बराच वेळ रिकाम्या खिडकीकडे पाहत उभे होते. मी रडले. ते रागावले असते तर मला बरे वाटले असते. ते म्हणाले, "यू मीन गुड." नंतर म्हणाले की पोलिसांशी बोलणे झाले आहे, पाण्याचे विमावाले बघतील. आणि पुन्हा माझे हात धरून म्हणाले, "नाउ नथिंग. यू डू नथिंग. प्लीज."

त्याला आता पाच दिवस झाले. औषध संपले आहे. नवी झाडे लावली तरी तुरे यायला चार महिने लागतात. रियाबाई आता ओरडत नाहीत, कण्हतात, आणि श्री. वेस्टरहाउट त्यांना काहीतरी गाऊन दाखवतात. मी भिंतीच्या अलीकडे बसून असते. शेजाऱ्याचे मी वाटोळे केले आणि तो भला माणूस मला पाठीशी घालतो आहे, हे मला गिळवेना. म्हणून घरी न सांगता मी ट्रामने इथे आले. माझे म्हणणे एवढेच आहे की पाण्याचा दोष त्यांना देऊ नये, मला द्यावा, आणि औषधाची झाडे त्यांना परत मिळावीत.

झाडे त्याच दिवशी नष्ट केल्याचे अधिकाऱ्यांनी सांगितले.

प्रश्न विचारल्यावरून सांगते की, हो, दिवा मोठाच होता, त्याखाली उभे राहिले की डोके तापत असे. हो, घड्याळ होते. हो, श्री. वेस्टरहाउट यांनीच ते बसवले, मोठ्या निगुतीने बसवले होते. दिवा अजून कपाटावरच असेल, निळी चादर आहे. तंबू पलंगाखाली. माझ्या बोलण्याने त्यांची मेहनत तरी कळावी म्हणून मी हे सविस्तर सांगितले.

यानंतर अधिकारी लिहिता लिहिता थांबले. मी इथे आल्याचे श्री. वेस्टरहाउट यांना माहीत आहे का, असे त्यांनी विचारले. मी सांगितले की नाही, त्यांनी मला काहीही करू नका असेच सांगितले होते.

अधिकारी दुभाषी बाईंशी बोलले. दुभाषी बाईंनी मला जे सांगितले ते असे: खिडकीत ठेवलेली चार रोपे पोलीस उचलतात आणि विसरून जातात. श्री. वेस्टरहाउट यांच्याबाबतही तेवढेच झाले होते, प्रकरण मिटले होते. पण दिव्याखाली वाढवलेली झाडे म्हणजे धंदा धरतात. ते समजले की घर देणाऱ्या संस्थेला कळवावे लागते, आणि संस्था घर काढून घेते. तिच्याकडे आजारपणाला सूट नाही.

मी विचारले, त्या खुर्चीसकट ती दोघे कुठे जातील?

दिव्याचा मजकूर खोडावा अशी मी विनंती केली. दिवा मी पाहिलाच नाही, माझी नजर अधू आहे, असेही सांगितले. ते खोटे आहे हे अधिकाऱ्यांना कळले आणि त्यांनी ते नोंदवण्याचा आग्रह धरला नाही, मीच तो धरला. खोडता येत नाही असे ते म्हणाले. मग आता मी काय करू, असे मी विचारले. दुभाषी बाई कागदाकडे पाहत म्हणाल्या, "काकू, आता काहीच करू नका."

वरील मजकूर श्रीमती राजवाडे यांनी मला मराठीतून सावकाश वाचून दाखवला. कुठे एखादा शब्द चुकला असेल म्हणून मी तो पुन्हा एकदा वाचायला लावला. चुकलेला शब्द सापडला नाही. मी सांगितले तसेच सगळे लिहिले आहे.

(सही) शामला हरिहर आठल्ये